बोलोन्यातली ‘अहो’

पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर मी नऊ वर्षं उपसंपादक होते. भुताखेतांची बातमी आली की तिच्यातली भुतं काढायची आणि उरेल तो मजकूर दोन परिच्छेदांत बसवायचा, हे माझं काम. बहुतेक वेळा काही उरायचंच नाही. त्यामुळे अशा गूढ अनुभवांच्या सदरात मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. लिहितेय, कारण या मजकुरातून नेमकं काय कापायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

२०१६ चा ऑक्टोबर. आम्ही जर्मनीत नेकारसुल्मला राहायचो. माझा नवरा निखिल गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. त्याची इटलीत बोलोन्याला डीन्स्टराइजे निघाली, म्हणजे कंपनीच्या कामाचा दौरा. शुक्रवारी काम संपणार होतं. शनिवारी मी तिकडे जायचं आणि दिवसभर दोघांनी पायी शहर बघायचं, असा बेत मी आखला होता. आमची सहा वर्षांची मुलगी ईरा आजीजवळ राहणार होती. सासूबाई तेव्हा पुण्याहून आमच्याकडे आल्या होत्या.

या बेतावर माझा फार जीव होता. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि आम्ही एकदाही रमतगमत फिरलो नव्हतो. निखिल कुठेही ट्रेन सुटत असल्यासारखा चालतो. तो पुढे, हातात फोन. मी मागे, त्याच्या पाठीशी गप्पा मारत.

त्याच आठवड्यात बेकरीसमोर ओल्या पानांवरून माझी सायकल घसरली. घोटा मोडला, प्लास्टर बसलं. निखिल फोनवर म्हणाला, “मी शुक्रवारीच परत येतो.” मी म्हटलं, “नको, तू फीर.” त्याने मात्र ते खरंच मानलं.

शनिवारी सकाळी त्याचा पहिला व्हॉइस मेसेज आला. मी स्वयंपाकघरात पाय खुर्चीवर ठेवून बसले होते. बोलोन्यात रस्त्यांच्या कडेने मैलोन्‌मैल कमानींचे छत असलेले फुटपाथ आहेत; त्यांच्याखालून तो चालत होता. “मेधा, इथे उन्हापावसाची चिंताच नाही. आल्झो, म्हणजे... काही ठरवलंच नाहीये. वाट फुटेल तिकडे जातोय.” मागे चपला-बुटांचे आवाज. आणि अगदी जवळून, एका बाईचा हलका आवाज —

“अहो, जरा हळू ना.”

मी मेसेज पुन्हा लावला. शब्द स्पष्ट होते. मराठी होते. ‘अहो’ तर कोणालाही म्हणतात, बसच्या कंडक्टरलासुद्धा. पण हे तसं नव्हतं. नवऱ्याला म्हणतात ते वेगळं असतं. ज्यांनी ते घरात ऐकलंय, त्यांना फरक सांगावा लागत नाही.

मी निखिलला अहो म्हणत नाही. आम्ही कॉलेजपासूनचे मित्र. तो माझा निख्याच. सासूबाईंना हे कधी पटलेलं नाही.

दुपारी दुसरा मेसेज. गावात एका भिंतीला छोटी खिडकी आहे, ती उघडली की मागे कालवा दिसतो. निखिल त्याचं वर्णन करत होता. मध्येच तीच बाई म्हणाली, “अहो, मला पण बघू द्या की.” तो थांबला. हसला. बाजूला झाल्यासारखा त्याचा आवाज फोनपासून किंचित लांब गेला.

ते हसणं मला ओळखीचं होतं. कॉलेजातलं. नेकारसुल्ममध्ये ते मी ऐकलं नव्हतं.

सासूबाई भाजी निवडत होत्या. मी काही न सांगता फोन त्यांच्यापुढे धरला. माझ्या बाजूने कोणीतरी चिडावं, एवढंच मला हवं होतं. त्यांनी ऐकलं आणि खुलल्या.

“अगंबाई! चार लोकांत म्हणतेस की अहो! मग घरात काय होतं गं?”

“आई, मी कुठे म्हणतेय?”

“मग कोण? तुझाच तर आवाज आहे.”

“मी इथे आहे. हे बोलोन्यातून आलंय. आज.”

“ते फोनचं मला काही कळत नाही. आवाज तुझा आहे, एवढं कळतं.”

मी ईराला हाक मारली. तिला नुसतं विचारलं, “हे कोण बोलतंय?” तिने खेळणं खाली न ठेवताच ऐकलं. “मामा, दास बिस्ट डू डोख,” म्हणाली. आई, ही तर तूच आहेस ना. आणि खोलीत निघून गेली.

रेकॉर्ड केलेला स्वतःचा आवाज माणसाला परका वाटतो, हे मला माहीत आहे. मला तो परकाच वाटला. एका निवांत, कोणी सोबत असलेल्या बाईचा.

रविवारी निखिल परतला. मी त्याला दोन्ही मेसेज ऐकवले. तो गोंधळला, पण घाबरला नाही; खोटं बोलणारा माणूस आधी घाबरतो. “तुझाच आवाज आहे. तुझा एखादा जुना मेसेज मिसळला असेल... ॲपचा बग.”

“मी तुला कधी अहो म्हटलंय? एकदा तरी?”

“नाही.”

“मग एकटा होतास?”

“हो, एकटाच.” मग बूट काढता काढता, सहज म्हणाला, “पण एकटं वाटलं नाही गं. किती वर्षांनी असा फिरलो.”

त्या वाक्याचा मला जेवढा राग आला, तेवढा दुसरी बाई निघाली असती तर आला नसता. दुसऱ्या बाईशी भांडता येतं.

पुढच्या मे महिन्यात हट्टाने मी त्याला बोलोन्याला घेऊन गेले. पाय बरा झाला होता. हवा सुंदर होती. निखिल नेहमीसारखा पुढे, मॅपमध्ये डोकं घालून. कालव्याची खिडकी त्याने मला दाखवली आणि लगेच घड्याळ पाहिलं. दुपारी कमानींखालून जाताना तो बराच पुढे गेला. मी त्याच्या मागे, उजव्या हाताला होते. आयुष्यात पहिल्यांदा मी तो शब्द उच्चारला.

“अहो, जरा हळू ना.”

तो जागच्या जागी थांबला. फोन खाली गेला. चेहऱ्यावर ते कॉलेजातलं हसू आलं आणि त्याने वळून पाहिलं... डावीकडे. अगदी जवळ, खांद्याशी कोणी असावं तसं. तिथे खांब होता. क्षणभर तो तिथेच बघत राहिला. मग त्याची नजर मला शोधत मागे आली आणि हसू गेलं.

“तू म्हणालीस?” त्याने विचारलं.

मी हो म्हटलं.

दोन्ही मेसेज अजून माझ्याकडे आहेत. निखिलचं म्हणणं आजही ‘बग’ असंच आहे. सासूबाई आणि ईरा आपल्या म्हणण्यावर ठाम आहेत. माझ्याकडे तिसरं स्पष्टीकरण नाही. निखिलला मी पुन्हा कधी अहो म्हटलं नाही. ती हाक तिची आहे.