गंगम्माच्या खळ्यावरच्या गाड्या

आमच्या गावचा नाका उठला त्याला दोन वर्षं झाली, आणि तेव्हापासून गावाचा आवाजच बसला आहे. जळकोटच्या पुढं, अक्कलकोटकडची वाट हैदराबादच्या सडकेला मिळते त्या तिठ्यावर तो नाका होता. निजामाच्या हद्दीत येणारा माल तिथं उतरवून बघितला जाई, आणि मुन्शीजींच्या हातची चिठ्ठी मिळाल्याशिवाय गाडी पुढं हलत नसे. चिठ्ठीला कधी एक दिवस लागे, कधी दोन. तोवर वीस-तीस गाड्या तिठ्यावर सुटलेल्या असत.

त्यांचे आवाज मला आजही एकेक करून वेगळे काढता येतात. कुणाच्या चाकाचा कणा कुरकुरायचा, कुणाच्या बैलाच्या गळ्यातली एकच घंटा बोबडी होती. बिराप्पा गाडीवानाचा खोकला तर असा, की आधी खोकला गावात शिरायचा, मग त्याचे बैल, आणि शेवटी बिराप्पा. पण या सगळ्यांच्या वर एक आवाज असायचा तो गंगम्माचा.

गंगम्माचं माहेर आळंदकडचं. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माची तीन बोटं, आणि उंची अशी की दारातून येताना सवयीनं मान तिरपी व्हायची. नवरा केव्हाच गेला होता, मुलगा सोलापूरच्या गिरणीत. घरात ती आणि सून उमाबाई. बोलणं मराठीत सुरू व्हायचं, पण राग चढला की मराठी पुरत नसे, मग कानडी लागायची. गाडीवानांना कानडीतलं सगळं कळत होतं असं नाही. भाषा बदलली की उठून चार हात पलीकडं बसायचं, एवढं कळायचं.

भांडण होतं खळ्याचं. तिची चार एकर काळी होती आणि सडकेला लागून, लिंबाच्या सावलीत, सासऱ्यानं केलेलं खळं होतं. इतकं सपाट आणि टणक की सांडलेला दाणा नुसत्या पिसानं गोळा करावा. गाडी सोडायला याहून चांगली जागा कोसभरात नव्हती. म्हणून गाडीवान थेट खळ्यावरच गाड्या घालत. चाकांच्या लोखंडी धावांनी जमिनीला चर पडत. तिथंच शेण, तिथंच तंबाखूच्या पिचकाऱ्या, तिथंच पत्त्यांचा डाव आणि त्यावरून शिवीगाळ. उमाबाई पाण्याला निघाली की कुणीतरी मुद्दाम लावणीची ओळ उचलायचा. बैल तर गंगम्माच्या कडब्याच्या गंजीला जावयासारखे लागलेले.

"उठा की रे. हे काय तुमच्या आज्ज्याचं खळं हाय?"

"न्हाय मावशी," बिराप्पा पत्ते पिसत म्हणायचा. "आज्ज्याचं असतं तर सावलीला बाज बी असती."

तिनं बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. सकाळी कुंपण, संध्याकाळी त्याच्यावर गाडीवानांच्या भाकरी. वर बिराप्पाच तक्रार करायचा, "मावशी, वल्ली काटी आनली व्हय तुमी? धूर लई हुतोय."

ती नाक्यावर गेली. मुन्शीजी फार अदबीचे. खुर्चीतून अर्धे उठले. "मोहतरमा, सडक सरकार की, खेत आपका, बैल इनके. इसमें मेरा तो फक्त कलम है." आणि तो कलम त्यांनी कानावर ठेवून दिला. पाटलाकडं गेली तर पाटील म्हणाला, "गंगम्मा, वाटसरू हायत. आज हायत, उद्या न्हाईत." हे खरंच होतं. आजचे उद्या नसत, उद्याला दुसरे असत.

त्यात लढाईचे दिवस. पेट्रोल मिळेना म्हणून लॉऱ्या कोळशाच्या धुरावर चालत. उमरग्याच्या रसूलची तसली एक लॉरी होती. मागं बंबासारखी भट्टी बसवलेली. थांबली की खोकायची, आणि तो तिची राख तिथंच खळ्यावर ओढायचा. रसूलला ऐट भारी. काळे बूट, ते चालताना करकर बोलायचे.

"अम्मा, नको चिल्लाव. राख अच्छी चीज है. लोगां खेत में डालते नईं क्या?"

"शेतात घालतात, बाबा. माझ्या भाकरीत का घालतोस?"

आणि खरी गोष्ट तीच होती. त्या चार एकरांची ज्वारी म्हणजे दोघी बायकांची वर्षाची भाकर. चर पडलेल्या खळ्यावर मळणी केली तर निम्मा दाणा भेगांत जातो, उरल्यात खडा येतो. दुसऱ्याचं खळं मागावं तर ज्याचं त्याचं आवरेस्तोवर चैत्र लागणार. आणि आमच्याकडं फाल्गुनातलं आभाळ भरवशाचं नसतं. एकदा कणसं भिजली की ज्वारी काळी पडते, जनावरं तेवढी खातात.

माघात एक दिवस गंगम्मा शेजारच्या रेवणप्पाच्या शेतात गेली होती. त्याची ज्वारी आगाप, लवकर पेरलेली, मळणी चालू झालेली. तेवढ्यात पाणी प्यायला बिराप्पा आला. खळ्याच्या कडेला थबकला, वहाणा काढल्या, हात जोडले, आणि मग मधली मेढ चुकवून कडेकडेनं घागरीपर्यंत गेला. मेढ म्हणजे खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब. बैल त्याच्याभोवती फिरतात, आणि तो उभा असेतोवर खळ्यात पायताण जात नाही. गंगम्मा हे बघत उभी राहिली. घरी येताच तिनं उमाबाईला जुनी मेढ शोधायला सांगितली.

पुढच्या सोमवारी दुपारी गाड्या निघून गेल्या तशी दोघींनी खळं धरलं. खणलं, भिजवलं, धुमसाच्या जड लाकडी ठोकळ्यानं चोपलं, बैल फिरवले, शेणानं सारवलं. मंगळवारी सकाळी मेढ रोवली. तिला हळदकुंकू, शेंड्याला कणसांची जुडी, बुडाशी नारळ. पीक मात्र अजून रानात हिरवं उभं.

बाया बघायला आल्या. "अगं गंगम्मा, पीक उभं अन् मेढ आधी? रिती मेढ बरी नव्हं बाई."

तिनं पेवातली मागल्या सालची सूपभर ज्वारी आणून मेढीशी ओतली. "आता हाय का रिती?"

बुधवारी खोकला आला, बैल आले, बिराप्पा आला. कासरा ओढून कडेलाच थांबला. मागच्यानं हाक दिली, "आरं घाल की आत."

"कुठं घालू? मेढ लागलीया."

"एवढ्यात?"

"तूच बग. रास बी हाय."

तीस गाड्या सडकेपलीकडच्या खडकाळ माळावर गेल्या. बैल उन्हात, माणसं उन्हात. गंगम्मा लिंबाखाली वाकळ शिवत बसली, आणि तिच्या तोंडून दिवसभर कानडीचा एक शब्द निघाला नाही.

पण एक गोष्ट ती विसरली होती. तिसऱ्या प्रहरी बिराप्पा वहाणा काढून, मुंडाशाचा पदर पसरून खळ्याच्या कडेला उभा राहिला. "खळ्यावर आलो, मावशी." खळ्यावर आलेला रिकाम्या हातानं परत जात नाही. तिनं ओंजळभर घातली. मग दुसरा आला. मग सगळेच आले, अनवाणी, नम्र, जणू पत्ते म्हणजे काय हे ठाऊक नाही. शनिवारपर्यंत सूप संपलं, दुसरं ओतलं, तेही संपायला आलं.

"आत्याबाई," उमाबाई म्हणाली, "गाड्या परवडल्या. त्या ज्वारी तर खात नव्हत्या."

गंगम्मा दोन दिवस जात्यावर दळत विचार करत होती. तिसऱ्या दिवशी बिराप्पानं पदर पसरला तेव्हा तिनं ज्वारी घातली आणि पदराचं टोक मुठीत धरून ठेवलं.

"का रे बिराप्पा, खळ्यावरचं कोन नेतंय?"

"मंजी?"

"सुतार नेतो. लोहार नेतो. ज्याचा हात लागला त्यो नेतो. तुझा हात कुठं लागला?"

बिराप्पा पदराकडं बघत राहिला. ओतून टाकावी तर खळ्यावरचा दाणा परत केला असं होतंय, आणि तसं कुणी करत नाही.

"आता घेतलास न्हवं? मग तू माझ्या खळ्याचा मानूस. ते धुमस घे. तिकडं चर राहिलाय, तुझ्याच चाकाचा हाय."

मागं उभे असलेले हसले. हसले तेवढे तिनं मोजून ठेवल्यासारखे एकेक करून बोलावले. "तू पानी आन. तू शेन कालव." घरची शेती असलेलीच माणसं ती. खळ्याचा रिवाज त्यांना ठाऊक, ती कामाला लागली. पुढं तर एखादा गाडीवान येतानाच विचारायचा, "मावशी, आज काय हाय?" लावणीची ओळ बंद झाली. आपल्या खळ्याच्या सुनेवर कोण लावणी म्हणतो?

राहिला रसूल. तो महिनाभर हैदराबादकडं होता, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. एका दुपारी लॉरी धुरळा उडवत आली आणि सवयीनं खळ्याकडं वळली. पुढची चाकं काठाला लागली. माळावरचे गाडीवान उठून उभे राहिले. गंगम्मा ओरडली नाही. झाडू घेऊन मेढीशी जाऊन उभी राहिली.

रसूलनं दार उघडलं, एक बूट बाहेर काढला, आणि तो बूट हवेतच थांबला. त्यानं मेढीकडं बघितलं, ताज्या सारवणाकडं बघितलं.

"मेढ लगाए क्या अम्मा?"

"दिसती न्हवं?"

तो पायरीवर बसला. "मेरी मा ताहेराबी ऐसेच खळों पे जाती थी, सूप लेके. हमना चप्पल बाहेरच उतारने लगाती थी. भूल्या तो कान पकडती थी." बोलता बोलता त्यानं दोन्ही बूट काढले, बैठकीवर ठेवले, आणि अनवाणीच लॉरी मागं घेतली. त्या दिवशीची राख त्यानं डब्यात भरून तिच्या उकिरड्यावर नेऊन टाकली.

फाल्गुनात ज्वारी काढली, कणसं खुडून खळ्याच्या कडेला ढीग लागला. दोन बैलांवर मळणी म्हणजे दहा दिवसांचं काम. तिसऱ्याच दिवशी सकाळी दक्षिणेकडून आभाळ भरून आलं. गंगम्मा ढिगाकडं बघायची, ढगाकडं बघायची. तोंड चालू होतं, पण कुणासाठी ते समजत नव्हतं. त्या दिवशी मुन्शीजी कामानं नळदुर्गला गेलेले, चिठ्ठ्या बंद. माळावर तीस गाड्यांचे बैल नुसते रवंथ करत बसलेले.

बिराप्पा आपली जोडी घेऊन कडेला आला, वहाणा काढून. "मावशी, मळणीला पात धरू का?"

"मुसकी बांधून आना. तुमची बैलं तुमच्यागतच खादाड."

आठ बैल एका दावणीनं, एका पातीत, मेढीला लागले. ते दमले की दुसरे आठ. ज्यांनी आख्खा हिवाळा खळ्यावर शेण पडू दिलं, तेच आता टोपली घेऊन बैलांच्या मागं मागं, खाली पडायच्या आत झेलायला. "आता आलं बग, धर, धर की रं," असा सगळीकडून सल्ला. दुपार कलली आणि पावसाआधीचं वारं सुटलं. त्याच वाऱ्यावर चौघांनी पाट्या उचलल्या, भुसा माळाकडं उडाला, पिवळा दाणा खाली पडत राहिला. रास मेढीएवढी झाली तेव्हा पहिला थेंब आला.

रसूलनं लॉरीवरची ताडपत्री ओढून आणली. वाऱ्यानं ती उडायला लागली, तशी माणसं तिच्या कडांवर बसली. एका कोपऱ्यावर बिराप्पा खोकत, एका कोपऱ्यावर रसूल, मधे दहाबारा जण, सगळे अनवाणी, डोक्यावर पोत्यांच्या खोळी. गारा पडल्या. गंगम्मा भिजत भोवती फिरत होती आणि प्रत्येकाला कानडीत काहीतरी बोलत होती. तिचा हात मात्र प्रत्येकाच्या पाठीवरची खोळ सारखी करत होता.

दाणा कोरडा राहिला. पेव भरलं.

पुढची चार सालं असंच चाललं. मग नाका उठला, दुसरीकडं गेला. गाड्या आता घुंगरं वाजवत सरळ निघून जातात. खळ्यावर ना चर, ना शेण, ना पत्ते. यंदा फाल्गुनात गंगम्माची मळणी घरच्या दोन बैलांवर अकरा दिवस चालली. शेवटच्या दिवशी मी तिथं होतो. ती उपणता उपणता थांबली, सडकेकडं बघितलं आणि उमाबाईला म्हणाली,

"मुन्शी बरा होता गं. मानसांना अडवून तरी धरायचा."