गरम बी

दिराने मला कामावरच्या बायांसमोर थोबाडीत मारली, म्हणून मी काजूचा कारखाना काढला. बचत गटाच्या बायका विचारतात तेव्हा मी 'जिद्द' म्हणते. जिद्द नव्हती. सूड होता.

त्याच्या शेडमध्ये मी काजूगर निवडायचे. बिया जास्त उकडतायत, गर पिवळा पडतोय, एवढंच बोलले. "बायलमाणसान माका शिकवचा नाय," म्हणाला आणि हात उचलला. नवरा वजनकाट्याकडे बघत राहिला. मी तळेरे गावाजवळ त्याच्याच रस्त्यावर, बरोबर दिराच्या शेडसमोर शेड घेतली. याहून चांगली जागा मिळत होती. तिथून त्याचं फाटक दिसत नव्हतं.

पुढची सहा वर्षं सकाळी मी आधी त्याच्या धुराड्याकडे बघायचे. त्याचा धूर आधी निघाला की माझा दिवस नासला. त्याचा बॉयलर फुटला, त्या दिवशी मी बायांना भजी खाऊ घातली.

उकडलेली बी रात्रभर पसरून गार करावी लागते. गरम असताना कापली तर सालातलं तेल उडतं, आणि ते तेल कातडी जाळतं. हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक आहे. पण त्या दिवशी कळलं की दिराचा टेम्पो आजच माझ्या व्यापाऱ्याकडे निघणार. त्याच्याआधी माल पोचवायचा म्हणून सकाळी उकडलेल्या बिया मी दुपारीच कापायला टाकल्या.

दिराचं काम सोडून माझ्याबरोबर आलेली, सगळ्यांत जुनी कापणारी म्हणाली, "वयनी, बियो अजून गरम आसत."

"कापायचं तर काप, नाहीतर घराकडे चालती हो."

तेल लागू नये म्हणून तिने हाताला राख चोळली आणि कापायला बसली. तिसऱ्याच बीचं तेल तिच्या डोळ्याखाली उडालं. ती किंचाळली. मी खोबरेल घेऊन धावले, ते चोपडत होते, आणि समोरून टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. मी मान वळवून बघितलं.

तिने ते पाहिलं. माझे केस धरले आणि डोकं टेबलावर आपटलं. दोनदा. भुवई फुटली.

"डोळो गेलो आसतो तर खंयसून आणतलंस गो? दिराचो काढून?"

बायांनी आम्हाला सोडवलं आणि तिला दवाखान्यात नेलं. डोळा वाचला, गालाची कातडी सोलून निघाली. दुसऱ्या दिवशी एकही बाई कामावर आली नाही. त्या परत आल्या नाहीत तर कारखाना संपणार होता.

मी तिच्या घरी गेले. तिने दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा गेले, तर आतून म्हणाली, "माका बघूक इलंस की कामाक न्हेवक?" खरं उत्तर दोन्ही होतं. तेच दिलं. दार बंदच राहिलं.

बिया तर पडून होत्या. मीच कापायला बसले. सहा वर्षांत कटरला हात लावला नव्हता. बोटं भाजली, चिरली. पण कटरची पट्टी दाबणारा पाय आणि बी धरणारा हात जमले की साल कडकन फुटतं आणि आतून अख्खा गर निघतो. त्यात मजा होती. लहानपणीही हेच काम मला आवडायचं, हे मी विसरले होते. चौथ्या दिवशी जेवायला उठले तेव्हा लक्षात आलं, सकाळपासून समोर बघितलंच नाही. राग गेला नव्हता. दीर भेटला तर आजही एक लगावीन. पण त्याला हरवायला बी कापणार नाही.

आठव्या दिवशी ती आली. गालावर काळा डाग, माझ्या भुवईला टाके. माझं टोपलं तिने चाळलं.

"सगळे गर फोडून पाकळी केलंस. अर्धो माल फुकट. सर थंयसून."

मी सरले. तिने बसण्याआधी अट घातली: बी कापायला कधी घ्यायची, ते ती ठरवणार. मी हो म्हटलं.

तिने एक बी उचलून माझ्याच गालाला लावली. गार होती.

"आता बोलव बाकीच्यांका," ती म्हणाली.