पपईचा चीक आणि आमची वहिनी

आमच्या वहिनीइतकं कोळशावर प्रेम करणारं माणूस पनवेलात पूर्वी झालं नाही आणि पुढेही होणार नाही. इतर सुना माहेराहून येताना पितळेचे डबे आणि भरतकामाचे रुमाल आणतात. आमची वहिनी आली ती रसायनशास्त्राची पदवी, टिंक्चर आयोडिनची बाटली आणि उशीएवढं जाड एक इंग्रजी पुस्तक घेऊन. स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली असतील. घरात आई, दादा, वहिनी आणि भाताच्या गिरणीत कारकुनी करणारा मी. पहिल्याच आठवड्यात शेगडी पेटवता पेटवता कोळशाचा खडा माझ्यासमोर धरून ती म्हणाली, "भाऊजी, माणसं लग्न झालं की चतुर्भुज होतात. हा कार्बन जन्मतःच चतुर्भुज! चार हातांनी चौघांना धरतो, नाहीतर आपल्याच भाऊबंदांचे हात धरून लांबच लांब माळ करतो. भात, तूप, डाळ, तुम्ही, मी, सगळ्यांच्या मुळाशी ह्याच्याच माळा." देवघरातून आईचा आवाज आला, "अगं, आधी चहाचं आधण ठेव!"

तिच्या शास्त्रातून पाहुणासुद्धा सुटत नसे. एकदा दादाचे साहेब जेवायला आले होते. वहिनीने त्यांच्या पानात नुसता भात वाढला आणि वरणाचं भांडं हातात धरून समोर उभी राहिली. "एक घास तोंडात घ्या आणि चावत राहा. गिळायचा नाही हं." साहेब बिचारे डोळे मिटून चावू लागले. दादाला दरदरून घाम फुटला. त्याला आपली बढती त्या घासाबरोबर चावली जाताना दिसत होती. दोनेक मिनिटांनी साहेबांनी डोळे उघडले. "अरेच्चा, गोड लागतोय की हो!" "लाळेतलं एन्झाइम," वहिनी म्हणाली, "पिष्टाची माळ तोडून साखर करतं," आणि मगच तिने वरण वाढलं. बाजारातून पेढे आले की त्यातल्या एकावर आयोडिनचा थेंब पडायचाच. निळाकाळा झाला, तर खव्यात पीठ आहे म्हणून अख्खा पुडा परत. सुरुवातीला आई कपाळाला हात लावी. वर्षभरात मात्र तीच नैवेद्याचे पेढे पुढे करून विचारू लागली, "बघ गं, देवाला चालतील का?"

पण आजही माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं ते दुधाच्या प्रकरणाने. आमच्या गल्लीत दूध घालायला जवळच्या गावातली एक आगरी बाई यायची. नवरा नव्हता, दोन म्हशींवर घर चालायचं. गल्लीच्या टोकाला भाताचे एक बडे व्यापारी राहत, आम्ही त्यांना काका म्हणत असू. त्यांच्याकडे तिचं दूध तापवायला ठेवलं की नासायला लागलं. एक दिवस, दोन दिवस, सलग आठ दिवस. बाकी कुणाकडे नासत नव्हतं, म्हणून तर संशय अधिकच वाढला. महिन्यापूर्वी तिची म्हैस काकांच्या परसात शिरली होती आणि त्यावरून दोघांची चांगलीच जुंपली होती. "बाईची नजर वाईट आहे. तिने काहीतरी करणी केली आहे," असं काकांनी जाहीर केलं आणि बघता बघता निम्म्या गल्लीने तिचं दूध बंद केलं. आईसुद्धा कुजबुजली, "आपण तरी कशाला वाईटपणा घ्यायचा?" त्या दिवशी ती बाई भरलेली चरवी घेऊन आमच्या ओट्यावर बसली. "वैनी, आमी दुधात पानी पन घालत नाय. करनी कंची करू? ह्या दोन म्हशींबिगर मला कोन हाय?"

वहिनीने तिच्या हातात चहा दिला, पदर खोचला आणि तडक काकांच्या स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग. नजरेबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. दूध कशात घेता, कशाने काढता, एवढंच विचारलं. काकूंनी चांदीची एक वाटी दाखवली. अपचनावर औषध म्हणून काका रोज सकाळी परसातल्या कच्च्या पपईचा चीक साखरेत कालवून त्या वाटीतून घेत. मग तीच वाटी नुसती विसळून, दूध तापवण्याआधी देवापुरतं काढून घ्यायला, दुधाच्या पातेल्यात बुडायची. "औषध कधीपासून सुरू आहे?" "झाले की आठ-दहा दिवस," काकू म्हणाल्या आणि बोलता बोलताच थांबल्या.

संध्याकाळी आमच्या ओट्यावर सगळी गल्ली जमली. त्याच बाईचं दूध तीन पातेल्यांत. एकात काही नाही, दुसऱ्यात चिकाचे थेंब, तिसऱ्यात पाण्यात बराच वेळ उकळलेला चीक. तिन्ही पातेली एकेक करून मंद आचेवर ठेवली. पहिलं दूध नीट तापलं. दुसरं बघता बघता फाटलं. तिसरं पुन्हा नीट! वहिनीचा आवाज सुरुवातीला किंचित कापत होता, मग खणखणीत झाला. "चिकातलं एन्झाइम दुधातल्या प्रथिनाच्या माळा तोडतं. थेंबभर पुरतं, कारण एक माळ तोडून ते स्वतः जसंच्या तसं राहतं आणि दुसरीकडे वळतं. पण खूप उकळलं की त्याची घडीच मोडते, मग त्याच्याने काही होत नाही. काका, नजर कधी उकळून उतरते का हो?"

काकांनी पुढे होऊन फाटलेलं दूध पळीने ढवळून पाहिलं. मग वहिनीला म्हणाले, "चुकलं माझं."

"मला नका सांगू. त्यांना सांगा."

आणि काकांनी, ज्यांच्यापुढे गिरणीचे मालकही उभे राहत, त्या बाईला सगळ्यांदेखत तेच शब्द सांगितले. तिने पदराने डोळे पुसले आणि चरवी उचलली. दुसऱ्या सकाळी गल्लीतल्या प्रत्येक दारात तिची चरवी वाजली.

ही हकिगत मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाईंच्या कानावर गेली आणि त्या स्वतः घरी आल्या. शास्त्र शिकवायला त्यांना कुणी मिळत नव्हतं. दादा आईकडे पाहू लागला. आई म्हणाली, "माझ्याकडे काय बघतोस? पोळ्या लाटीन मी." पुढे वहिनीने पंचवीस वर्षं शिकवलं. तिच्या वर्गातल्या मुली डॉक्टर झाल्या, परिचारिका झाल्या, आणि मी ओळखी-अनोळखी माणसांना गाठून सांगत राहिलो, "ती आमची वहिनी बरं का!" फक्त तिला कधी सांगितलं नाही. दीर-भावजयीत तसं बोलायची रीत नव्हती.

पहिल्या दिवशी तिला शाळेपर्यंत पोचवायला मीच गेलो होतो. कडक इस्त्रीचं पांढरं पातळ नेसलेली वहिनी फाटकाशी थबकली. "भाऊजी, जमेल ना हो मला?" सांगायचं पुष्कळ होतं. ओठांवरही आलं होतं. पण मी आपला म्हणालो, "घंटा झाली बघ, उशीर होईल." तिने मान हलवली आणि आत गेली.