पंपाशेजारची खोली

बर्फवाल्याच्या मुलीला हॉस्टेलच्या सगळ्यात चांगल्या खोलीतून हाकलून दिलं, ही बातमी गल्लीत पोचली तेव्हा कॉलेज सुरू होऊन महिनासुद्धा झाला नव्हता. बातमी आणली कापडवाल्याने. तो माल आणायला त्या शहरात गेला होता. हॉस्टेलच्या फाटकावरून जाताना त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं म्हणे, पोरगी बाहेरच्या जिन्यावरून आपली ट्रंक ओढत खाली येत होती, मागे रेक्टरबाई, आणि त्यांच्या मागे पोरीची आत्या, लिंबू चोखल्यासारखं तोंड करून.

आमच्या गल्लीला एवढं भांडवल खूप झालं. संध्याकाळपर्यंत इस्त्रीवालीने त्यात एक मुलगा घातला. न्हाव्याने त्या मुलाला मोटरसायकल दिली. दुसऱ्या दिवशी शिंपीणबाईंनी "मी कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण..." अशी सुरुवात करून मोटरसायकलचा रंगही सांगितला. लाल. त्यापुढे कुणी शंका काढायची सोय राहिली नाही. खोटं असतं तर रंग कसा कळला असता?

ही पोरगी म्हणजे आमची भोंगा. तिला आईवडिलांनी ठेवलेलं नाव आहे, पण ते शाळेच्या दाखल्यापुरतं. गल्लीच्या टोकाला बर्फाचा कारखाना आहे, खाली कारखाना आणि वर बिऱ्हाड. खालचा कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालतो. त्याच्यावर आवाज चढवल्याशिवाय त्या घरात बोलताच येत नाही, म्हणून सगळं कुटुंब ओरडून बोलतं, आणि आपण ओरडतो हे त्यांना ठाऊक नाही. बर्फवालीण स्वयंपाकघरात नवऱ्याला म्हणायची, "मीठ संपलंय!" की कोपऱ्यावरचा वाणी मिठाची पुडी काढून ठेवायचा. असं घर शेजारी असणं ही मोठी सोय होती. कान लावायचे कष्ट पडत नसत.

त्या घरात सगळ्यांत मोठा आवाज या मुलीचा, म्हणून भोंगा. तिला राग नव्हता त्याचा. उलट कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर ती इकडेतिकडे बघायची.

आणखी एक गंमत. वीज जाऊन कॉम्प्रेसर बंद पडला की बाकी गल्ली कूस बदलून सुखाने झोपायची, आणि बर्फवाल्याचं अख्खं घर दचकून उठून बसायचं.

तर या भोंगाला बारावीनंतर मोठ्या शहरातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. यंत्रांचं शिक्षण. गल्लीला आनंद झाला, पण तिच्या आत्याला जास्त झाला. ही आत्या त्याच शहरात राहते. गोड बोलणारी बाई. इतकी गोड की बोलून गेल्यावर हात धुवावेसे वाटतात. तिला उशिरा झालेली जुळी मुलं आहेत, आणि त्यांना सांभाळायला ठेवलेली प्रत्येक बाई राहिलेला पगार न घेताच पळाली होती. भाचीचा प्रवेश झाल्याचं कळताच तिचा फोन आला.

"हॉस्टेल कशाला? आत्याचं घर असताना पोरीने परक्यांत राहायचं? माझी जुळी तर आत्तापासून विचारतात, ताई कधी येणार!"

जुळ्यांना अजून बोलता येत नव्हतं.

बर्फवाला मोठ्या बहिणीच्या शब्दाबाहेर नव्हता. लहानपणी तिने त्याला अंगाखांद्यावर खेळवलेलं. त्याने मधला मार्ग काढला. "हॉस्टेल मिळालं आणि मानवलं, तर राहा. नाही मानवलं, तर ताई आहेच."

"बाबा, आत्याकडे गेले तर जुळी बालवाडी पास होतील, मी नापास!"

"म्हणून तर म्हणतो, मिळव खोली. आणि टिकव."

हे संभाषण त्या दोघांच्या मते खासगी होतं. आम्ही सगळ्यांनी ते आपापल्या घरी बसून ऐकलं, आणि पोरीच्या बाजूने झालो.

भोंगा कामाला लागली. त्या हॉस्टेलची पद्धत अशी, की प्रवेश झालेल्या मुलींनी ठरल्या दिवशी सकाळी यायचं, मोठ्या हॉलमध्ये फळीवर किल्ल्या टांगलेल्या असतात, रांगेत पुढे असेल तिने आवडेल ती किल्ली उचलायची. बाकीच्या मुली त्या दिवशी नुसत्या येऊन उभ्या राहतात. भोंगा आठवडाभर आधीच जाऊन आली. फाटकावरच्या बाईला विचारलं, मोठ्या वर्गातल्या मुलींना विचारलं, खानावळीतल्या मावशींना विचारलं, कुठली खोली बरी? सगळ्यांचं उत्तर एकच. वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली, बागेकडची. का? तर शांत आहे. इतकी शांत की पान पडलं तरी ऐकू येतं.

भोंगाने ते डोक्यात पक्कं केलं. शांतता म्हणजे काय चीज असते ते तिने जन्मात अनुभवलं नव्हतं, पण सगळं जग चांगली म्हणतंय म्हणजे चांगलीच असणार. आपण नाही का, हॉटेलात शेजारच्या टेबलाकडे बघून मागवतो आणि मग तोंड वाकडं करतो!

ठरल्या दिवशी मायलेकी पहिल्या बसने गेल्या. रांगेत पुढे मोजक्याच मुली होत्या. कोपऱ्यातल्या खोलीच्या दोन्ही किल्ल्या अजून लटकत होत्या. आणि इथे बर्फवालिणीने लेकीच्या कानात हळूच सांगितलं. म्हणजे तिच्या मते हळूच.

"ती वरची कोपऱ्यातली घे हां! बागेकडची! सगळ्यांत चांगली तीच आहे!"

हॉलभर माना वळल्या. पुढे एक बारकी, चष्मेवाली मुलगी उभी होती, कुठल्याशा डॉक्टरची लेक. तिने मागे वळून आदराने बर्फवालिणीकडे पाहिलं आणि आपली पाळी येताच त्याच खोलीची किल्ली उचलली.

"अगं, मी तुला नव्हतं सांगितलं!" बर्फवालीण म्हणाली.

"मग कुणाला सांगितलंत, काकू?" डॉक्टरची लेक म्हणाली. "मला वाटलं, सगळ्यांना."

भोंगा हसली. खोली दोघींची होती. ती पुढे झाली आणि दुसरी किल्ली काढून घेतली. मागच्या रांगेतून एक मोठा सुस्कारा आला. अशी ती खोली मिळाली, सरळ मार्गाने. सांगून ठेवतो, कारण न्हाव्याच्या आवृत्तीत इथेही वशिला होता.

मग भोंगाची झोप उडाली.

खोली खरंच सुरेख होती. खिडकीत झाडं, दुपारी सावली, भिंतींना ताजा रंग. पण अंथरुणावर पडलं की भोंगाचे डोळे टक्क उघडे. डॉक्टरची लेक गरीब स्वभावाची होती. तिने चौकशी केली.

"घरची आठवण येते का?"

"नाही गं. सारखं वाटतं, काहीतरी बंद पडलंय. उठून बघून यावं."

पंखा मोठा करून झाला. टिकटिकणारं घड्याळ उशीखाली ठेवून झालं. शेवटी भोंगाने विचारलं, "तू घोरत नाहीस का गं?"

"नाही."

"जमेल का?"

त्या बिचारीने मैत्रीखातर प्रयत्नही केला म्हणतात, पण तिला स्वतःलाच हसू आलं आणि मग दोघीही जाग्या.

झोप नाही म्हटल्यावर व्हायचं तेच झालं. भोंगा वर्गात पेंगायला लागली. ड्रॉइंगच्या तासाला ड्रॉइंग बोर्डवर डोकं टेकून झोपली ती गालावर अख्खा आराखडा उमटवून उठली. पहिल्या चाचणीत नापास. ही मुलगी आयुष्यात कशात नापास झाली नव्हती. सरांनी काळजीने पालकांना कळवलं, आणि शहरातले पालक म्हणून नाव कुणाचं होतं? आत्याचं.

अशात एका रविवारी डॉक्टरची लेक कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात गेली. तिथे पाण्याचा पंप आहे, जुना आणि दांडगा. वरच्या टाक्या भरायला तो जवळजवळ सदा चालू असतो. त्याच्या भिंतीला टेकून, ओल्या कपड्यांची बादली मांडीत धरून, भोंगा गाढ झोपली होती. तोंड उघडं. चेहऱ्यावर तान्ह्या बाळाचं समाधान. चष्मेवाली तिच्याकडे बघत उभी राहिली, मग पंपाकडे बघितलं, आणि रोगाचं निदान झालं. शेवटी डॉक्टरची लेक.

"तुझ्या घरी काय आहे गं खाली?" उठल्यावर तिने विचारलं.

भोंगाने सांगितलं. सांगता सांगता तिच्याही डोक्यात उजेड पडला. पंपाच्या भिंतीला लागून एक खोली होती. कुलूपबंद. आत मोडक्या खाटा.

ती दुसऱ्या दिवशी रेक्टरबाईंच्या ऑफिसात गेली, तर आत्या आधीच खुर्चीत बसलेली. फाटकाबाहेर रिक्षा थांबवून आली होती. इतकी खात्री.

"पोरीला नाही मानवत हो," आत्या सांगत होती. "चेहरा बघा कसा उतरलाय. चल गं राणी, तुझी गादी घालून ठेवलीय मी. जुळ्यांच्याच खोलीत."

"आत्या, थांब जरा. मॅडम, मला खोली बदलून हवी."

"त्या खोलीसाठी मुली माझ्याकडे खेटे घालतात," रेक्टरबाई म्हणाल्या. "त्रास काय आहे तिथे?"

"कसलाच त्रास नाही मॅडम. म्हणून तर झोप येत नाही. मला पंपाशेजारची द्या."

रेक्टरबाई कडक म्हणून प्रसिद्ध होत्या, पण त्यांनीही हातातलं पेन खाली ठेवलं. "तिथे कुणी राहत नाही. मागे एक मुलगी राहिली होती, ती आठवडा संपायच्या आत रडत आली. उगाच भलतं धाडस नको."

"बघायला काय हरकत आहे?"

"नाहीतरी मी घेऊन चाललेच आहे तिला," आत्या म्हणाली. "कशाला बघायची?"

पण रेक्टरबाईंना आता कुतूहल वाटू लागलं होतं. किल्ली घेऊन तिघी मागे गेल्या. कुलूप काढलं आणि नेमका पंप सुरू झाला. खिडकीची तावदानं थरथरली, खाटा एकमेकींवर कुरकुरल्या. आत्याने दोन्ही कानांत बोटं घातली. रेक्टरबाई काहीतरी म्हणाल्या, ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं नाही. भोंगा मात्र शांतपणे बोलत होती, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज त्या खोलीच्या अगदी मापाचा वाटत होता.

"खाट त्या भिंतीला लावते. टेबल इथे. उजेड चांगला आहे." आणि तिला जांभई आली. मोठी, लांब, खरीखुरी. रेक्टरबाईंनी ती जांभई पाहिली.

आत्याने शेवटचा उपाय केला. भावाला फोन लावला. "अरे, तुझी पोरगी कुठल्या गुहेत राहायचं म्हणतेय बघ! ऐक हा आवाज, ऐक!" आणि फोन पंपाकडे धरला.

पलीकडे बर्फवाला बराच वेळ ऐकत राहिला. त्याच्या मागे त्याचा कॉम्प्रेसर चालूच होता. मग तो ओरडला, फोनची गरज नव्हती इतक्या मोठ्याने: "चांगला आवाज आहे की गं ताई! राहू दे तिला तिथेच!"

आत्याने फोन बंद केला. रिक्षावाला बाहेर हॉर्न वाजवत होता. भोंगा वर गेली, ट्रंक घेतली आणि जिना उतरायला लागली. रेक्टरबाई मागोमाग, खाटा हलवायला माणूस सांगायचा होता म्हणून. आत्या त्यांच्या मागे, अजून एकदा विचार करा म्हणत. आमचा कापडवाला फाटकावरून गेला तो याच वेळी.

पुढे भोंगा शिक्षण संपेपर्यंत त्याच खोलीत राहिली. पुढची चाचणी पास झाली, त्यापुढच्याही. सगळं हॉस्टेल भांडायला, रडायला, गाणी म्हणायला आणि फोनवर लाडीगोडी करायला तिच्या खोलीत यायचं, कारण बाहेर काही ऐकू जात नसे. डॉक्टरची लेक तोंडी परीक्षेची तयारी तिथेच ओरडून करायची आणि पहिली यायची. आत्याने नवी बाई ठेवली. तीही पळाली. आता भोंगा शीतगृहांची यंत्रं बसवायला गावोगाव जाते, आणि लॉजवर उतरली की जनरेटरच्या बाजूची खोली मागते.

इस्त्रीवाली अजून मला विचारते, मुलगा कोण होता. मुलगा कुणी नव्हता. मोटरसायकल नव्हती. तिला कुणी हाकललं नाही. शांत खोलीत तिला झोप येत नव्हती, म्हणून तिने पंपाशेजारची खोली मागितली, आणि ती दुसऱ्या कुणाला नको होती म्हणून तिला मिळाली.