मंगलताईंनी शिकवलेली चाल

बोरी बुद्रुकच्या शाळेत शनिवारी गोकुळभाऊ मुलांना गाणी शिकवायला जायचे. शेतकरी माणूस, पण भजनात त्यांचा आवाज लागला की बोलणारे गप्प व्हायचे. मग घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं. घरी आल्यावर भाऊंनी पेटीवर चादर टाकली आणि तिच्याकडे पाहणंही सोडलं.

पावसाळा सरल्यावर शाळेच्या वैजयंतीबाई घरी आल्या. "भाऊ, मुलांच्या गाण्याचं रेकॉर्डिंग करायचंय. तुम्ही चाल लावलेलं नदीचं गाणं. पेटीवर तुम्हीच हवे."

भाऊंनी गळ्यावरच्या पट्टीला हात लावला आणि मान हलवली. गाऊन दाखवल्याशिवाय मुलं शिकणार कशी?

त्यांची बायको मंगल चहा घेऊन उभी होती. "मी गाते की," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासनं ऐकतीय. समदं पाठ हाय."

ती चारचौघांत कधीच गायली नव्हती. पहिल्या शनिवारी शाळेत मुलांसमोर तिचा आवाज थरथरला. भाऊ पेटीवर सूर धरून ठेवायचे, ती तो पकडायची. चुकली की भाता थांबायचा, की ती पुन्हा पहिल्यापासून.

रेकॉर्डिंगच्या दिवशी शाळेच्या हॉलमधले पंखे बंद केले, खिडक्या लावल्या. भाऊ पेटीवर, भजनातले दादाभाऊ तबल्यावर. रेकॉर्डिंग करायला मंचरहून आलेला ऋषी कानाला हेडफोन लावून बसला. मुलं गाऊ लागली. अंतरा संपताना सगळ्यांचा सूर किंचित खाली उतरून मग जागेवर आला.

ऋषीने हात वर केला. "शेवटचा सूर घसरतोय रे. सरळ ठेवा."

भाऊंची बोटं पेटीवरच थांबली.

दाराशी उभी असलेली मंगल ऋषीपुढे आली. "दादा, ती चूक न्हाई. आमचे हे तसंच गायचे. मी पोरांना येगळं कायबी सांगितलं न्हाई, मला दुसरं येतच न्हाई."

ऋषीने भाऊंकडे पाहिलं. त्यांचे डोळे खाली होते. "मग तसंच घेऊ," तो म्हणाला.

आठवड्याने ते गाणं फोनवर आलं. मंगलने ते ओट्यावर बसून लावलं. पहिला अंतरा संपताना मुलांचा सूर तसाच खाली उतरून जागेवर आला, तसा भाऊंनी चेहरा उपरण्यात झाकला. ऑपरेशनला नेतानाही ते रडले नव्हते. मंगलने फोन बंद केला नाही. गाणं संपेपर्यंत ती त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसली.

आता दोघं मिळून शाळेत जातात. यंदा भाऊंनी पेटीवर एक नवीन चाल बांधली आहे. ती त्यांच्या आवाजात कुणीच ऐकलेली नाही. पहिल्यांदा गायली ती मंगलताईंनी.