न्हाणीत दोन पावलांएवढी ऊब

सासूवर मी एकदा चोरून शेकल्याचा आळ घेतला. तोही चारचौघांत, गवंड्यासमोर. वय अठरा, अक्कल त्याच्या निम्मी. भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही... माझा सगळा संशय जिवंत माणसांवर, त्यातही आत्याबाईंवर — म्हणजे सासूबाईंवर.

हे आठवलं नातीमुळे. ती कॅनडात असते. परवा फोनवर विचारते, "आजी, बाथरूमची फरशी खालून गरम करून घेऊ का? इथं पाय ठेववत नाही." म्हटलं, थांब, आधी माझं ऐक.

बारामतीजवळ सांगवीला आमचं घर, पाटाच्या पाण्यावर ऊस. साल तीस-चाळीसच्या मधलं कुठलंतरी, महिना मात्र पक्का पौष. मला दुसऱ्यांदा दिवस गेलेले, सातवा लागला होता. पहिली मुलगी माहेरी, इंदापूरला झाली आणि बाराव्या दिवशी गेली. गार दगडावर न्हाऊ घातली म्हणूनच गेली, असं मी मनाशी धरून बसले होते. त्यामुळे गुऱ्हाळाचं चुलवण बांधायला आलेला गवंडी जेव्हा म्हणाला, "धूर जायाला नळी काडतो, तशीच पानी तापवायच्या चुलीपासनं न्हानीखालनं काडतो, फरशी ऊन ऱ्हाईल," तेव्हा मी हट्टच धरला. सासरे, म्हणजे मामंजी, तयार. आत्याबाई नाही.

"पायाखाली इस्तव ठिवून न्हायाला आपुन काय सरणावर हाय व्हय?"

मामंजी म्हणाले, "गवंडी चार दिस हाय हितं. तवर काय ते ठरवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवायला मी न्हाणीत गेले. पाय चोरत चालले होते, तर मोरीजवळ दगड ऊन लागला. सगळा नाही — दोन पावलांएवढा, शेजारी शेजारी. जणू तिथं उभं असलेलं कुणी आत्ताच बाजूला झालं... पण फरशी कोरडी ठाक. चुलीतली राख गार.

मी लगेच ताडलं: आत्याबाई गुपचूप शेगडी आणून शेकतात, आणि मला नळी नको म्हणतात! संध्याकाळी फरशीभर राख चाळून पसरली. हुशारच ना मी. सकाळी राखेवर पाऊल नाही, शेगडीची खूण नाही. खालचा दगड मात्र ऊन. शहाण्या माणसाला इथं भीती वाटली असती. मला वाटलं, म्हातारीनं राख पुन्हा चाळली.

चौथ्या दिवशी सगळ्यांना न्हाणीत बोलावलं. "आत्याबाई रोज हितं शेगडी ठिवत्यात. त्यास्नी ऊब, आन् मला नळी न्हाय."

आत्याबाई चिडल्या नाहीत. गवंड्याला म्हणाल्या, "काड फरशी. बघू दे तिला शेगडी."

त्यानं पहार घालून दगड उभा केला. खाली ओली माती, एक गांडूळ. दगडाची खालची बाजू पाटाच्या पाण्यासारखी गार. वरच्या बाजूला त्यानं तळहात टेकला नि झटकन काढला. "ही वरनंच तापलीया," एवढंच बोलला. दगड होता तसा बसवला आणि गेला, तो थापी न्यायलाही परत आला नाही. नळीचा विषय तिथंच मिटला. माझी रवानगी आता इंदापूरला, हे मी धरूनच चालले.

तसं झालं नाही. मुलगी झाली, त्याच जागी न्हाली, धडधाकट वाढली. कॅनडावालीची आई ती. पुढं लेकानं टाइल्स घालताना तो दगड काढून अंगणात टाकला. तिथं तो नुसता उन्हानं तापायचा, इतर दगडांसारखा. कारण मला आजही माहीत नाही. संशय अजून आत्याबाईंवरच आहे, पण पुरावा कुठून आणू?

नातीला म्हटलं, बसवून घे. तुझ्या फरशीला निदान स्विच असेल.

आळ घेतला त्याच संध्याकाळी मी पाया पडायला गेले होते. आत्याबाई शेंगा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला बी नवी आले तवापासनं तितंच ऊन लागतं. म्या माज्या सासूचा संशय घेतला, तिनं तिच्या सासूचा घेतला आसंल. फुकटची ऊब हाय, न्हाऊन घ्ये. उद्या तुजी सून तुज्यावर आळ घील, तवा माज्यासारखी गप बस."