माहेराला कुंपण

लुनेड पहिल्यांदा वेल्समधल्या त्या डोंगरावर आली तेव्हा म्हातारा मेंढपाळ इडवल आपल्या मेंढ्यांवर असा ओरडत होता, की पलीकडच्या दरीतले तीन कुत्रे मुकाट खाली बसले, येऊ घातलेला ढग माघारी फिरला आणि खालच्या चॅपलमध्ये पाद्रीबुवा प्रवचन विसरले. निदान लुनेड तरी तसं सांगते.

ती आली होती पडकी घरं बघायला. तीनशे वर्षांपूर्वी लोक उन्हाळ्यात गुरं घेऊन तिथं राहायचे. आता तीन जोती आणि कमरेएवढ्या भिंती उरल्या होत्या.

"हे जपायला हवं," ती म्हणाली. "आमची संस्था कुंपण घालेल."

"कशापासून जपणार?"

"मेंढ्यांपासून."

इडवलनं आधी तिच्याकडं पाहिलं, मग मेंढ्यांकडं. "अगं पोरी, ह्यांच्या पणज्या ह्याच भिंतींच्या आडोशाला व्यायल्या. माहेर आहे हे त्यांचं. मार्चच्या वाऱ्यात बाळंतपणाला जायचं कुठं त्यांनी?"

"खाली तुमची शेड आहे ना?"

"तूच सांग त्यांना. वेल्शमध्ये सांग, इंग्रजी येत नाही त्यांना."

कुंपण झालं. मार्चमध्ये इडवलनं गाभण मेंढ्या शेडमध्ये नेल्या. दार उघडायचा अवकाश, त्या पुन्हा वर. तारेला अंग लावून तिथंच व्यायल्या. अकरा कोकरं गारठून गेली. इडवलनं संस्थेला चार पत्रं लिहिली. चारही उत्तरांत त्याचे आभार मानले होते आणि सोबत डोंगर कसा जपावा याचं तेच ते रंगीत पत्रक होतं.

"कापून टाक की ती तार," बहीण तेगवेन म्हणाली.

"तुरुंगात टाकतील."

"बरंच आहे. तिथं ओरडायला माणसं तरी मिळतील."

दुसऱ्या वर्षी एकोणीस कोकरं गेली. त्या सप्टेंबरात इडवलनं अख्खा कळप बाजारात नेऊन विकला आणि घरी येऊन न जेवता झोपला.

दोन वर्षांनी लुनेड पुन्हा आली. मेंढ्यांचे पाय लागत नसल्यानं कुंपणाच्या आत नेच्यांचं रान तिच्या हनुवटीपर्यंत वाढलं होतं. भिंती दिसत नव्हत्या, मुळांनी दगड सुटत होते.

"इडवल, एक विनंती होती," ती चाचरत म्हणाली. "कुंपण काढतोय आम्ही. मेंढ्या चरायला सोडाल का इथं?"

"कुणाच्या?"

तिनं रिकाम्या उतारावर नजर फिरवली. मग म्हणाली, "दुसऱ्या आणता येतील की."

"आण. भटकत भटकत संध्याकाळपर्यंत इंग्लंडात पोचतील. आईनं दाखवल्याशिवाय मेंढीला डोंगर कळत नाही, बाई."

आता वर्षातून दोनदा इंग्लंडातल्या हिअरफर्डचा एक कंत्राटदार येतो आणि यंत्रानं नेचे कापून जातो.